सगळ्यांना पटतं, तरी कुणी थांबत नाही: असं का होतं?

चोपडा तालुक्यातल्या एका तरुण शिक्षकाचा प्रश्न आहे. माघात त्यांचे वडील गेले. अंत्ययात्रा निघण्याआधी भाऊबंदकीतल्या बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, जोडवी काढली. पुढच्या दहा-बारा दिवसांत दारावर आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "हे आता बंद व्हायला पाहिजे, मास्तर." ज्या काकूंनी बांगड्या फोडल्या, त्यांनीही तेच म्हटलं. आता वैशाखात बहिणीचं लग्न आहे आणि आईने हळदीला मागे बसायचं हे न बोलताच ठरून गेलं आहे. ते विचारतात, "लोक ढोंगी आहेत का? तुम्ही नैतिक मानसशास्त्र आणि समाजबदल यांवर अभ्यास करता. तत्त्वज्ञानाने यात काही फरक पडतो का?"

मास्तर, आधी तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं हे सांगते. तो प्रसंग तुम्ही तीन ओळींत लिहिला आहे, पण घडताना तो तीन ओळींचा नसतो. अशा घरांत मी अनेकदा बसलेली आहे.

मी अमळनेरच्या परिसरात सव्वीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवते. माणसाला बरोबर काय ते कळतं, तरी हातून तसं का होत नाही, आणि मग एके दिवशी अख्खं गाव एकदम कसं बदलतं, हा माझ्या अभ्यासाचा विषय. सुरुवातीला मलाही तुमच्यासारखंच वाटायचं, की पटवून दिलं की झालं. एका गावात विधवा प्रथेवर तासभर बोलले होते. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, सरपंचांनी आभार मानले. महिन्याभरात त्याच गावात एक तरुण मुलगा अपघातात गेला आणि पुढे बसून माझं भाषण ऐकणाऱ्या बायकांनीच त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या. मला ते कळलं तेव्हा राग त्यांचा आला होता. चूक माझी होती, हे समजायला बरीच वर्षं गेली. त्यांना जे आधीच पटलेलं होतं, तेच मी पुन्हा पटवत बसले होते.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा वेगळा मांडते. "लोकांना पटत कसं नाही" ही तुमची अडचण नाहीच. प्रत्येकाला वाटतं की आपल्याला चालेल, पण बाकीच्यांना चालणार नाही. आणि बाकीच्यांनाही नेमकं हेच वाटत असतं. आपल्या अहिराणीत हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं: "माले काही नही, पन लोके काय म्हनतीन?" यातलं पहिलं अर्धं वाक्य घरात बोललं जातं आणि दुसरं अर्धं चारचौघांत पाळलं जातं.

क्रिस्टिना बिकिएरी या तत्त्वज्ञ बाईंनी सामाजिक रूढींवर आयुष्यभर काम केलं आहे. त्यांची एक फोड मला फार उपयोगी पडली. माणूस एखादी रीत पाळतो ती दोन अंदाजांवर: बाकीचे काय करतात, आणि मी काय करावं असं बाकीच्यांना वाटतं. या दोन्हींत माझं स्वतःचं मत कुठेच नाही. त्यामुळे मत बदललं तरी अंदाज बदलले नाहीत, तर वागणं जागेवरच राहतं. तुमच्या काकूंचं असंच झालं. त्या ढोंगी नाहीत. त्या क्षणी त्यांना वाटलं असणार, की मी हात आखडता घेतला तर जाऊबाई म्हणतील, हिला दिराच्या मरणाचं काही नाही.

हा चुकीचा अंदाज किती खोल असतो, याचं सौदी अरेबियातलं एक उदाहरण सांगते. तिथल्या विवाहित पुरुषांना विचारलं, बायकांनी घराबाहेर काम करावं का? बहुतेकांनी एकट्याने उत्तर देताना होकार दिला. मग विचारलं, तुमच्याच भागातल्या इतर पुरुषांना काय वाटत असेल? तेव्हा अंदाज खऱ्यापेक्षा पुष्कळ खाली आला. नंतर काही जणांना फक्त खरा आकडा सांगितला. उपदेश नाही, वादविवाद नाही. ज्यांना आकडा कळला, त्यांच्यापैकी जास्त जणांनी आपल्या बायकोचं नाव नोकरीसाठी नोंदवलं. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. ते वाचलं तेव्हा मला आपल्याकडचे ओटे डोळ्यांसमोर आले.

म्हणून पुढे एका बचत गटात मी भाषण द्यायचं सोडून दुसरंच केलं. तीसेक बायका होत्या, निम्म्यांना लिहिता येत नव्हतं. प्रत्येकीच्या हातात एक ज्वारीचा दाणा आणि एक सरकी दिली. कापसाचा भाग, सरकी घरोघर पडलेली. प्रश्न एकच ठेवला: तुमच्या घरच्या लग्नात एखाद्या विधवा बाईने कुंकू लावून, पुढे येऊन हळद लावली, तर तुम्हाला स्वतःला चालेल का? चालणार असेल तर ज्वारी, नसेल तर सरकी. पितळी तांब्याच्या तोंडावर रुमाल टाकला आणि रुमालाखाली हात घालून एकेकीने दाणा सोडला. तांब्या उघडण्याआधी विचारलं, "सरकी किती निघतील?" कुणी म्हणालं वीस, कुणी म्हणालं पंचवीस. एक जण म्हणाली, "मन्ही एकलीनीच ज्वारी व्हई."

तांब्या सुपात उपडा केला. सरकी मोजून चार होत्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बराच वेळ सगळ्या त्या सुपाकडे बघत राहिल्या. मग कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी, जिला नवरा जाऊन चाळीस वर्षं झाली होती, पुढे सरकली आणि ज्वारीचे दाणे बोटाने एकेक करून बाजूला ओढू लागली. ती मोजत नव्हती. तिच्या लेकीच्या लग्नात ती स्वयंपाकघरात बसून होती, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "मंग इतला दिन कोन्हा भ्यावनं व्हतं?" इतके दिवस भ्यायचं होतं ते कुणाला?

तत्त्वज्ञानाने फरक पडतो का, असं तुम्ही विचारलं होतं. या म्हातारीच्या प्रश्नापर्यंत माणसाला आणता आलं, तर पडतो.

तरी कळणं आणि करणं यांत अजून एक अंतर राहतं. ते प्रसंगाचं असतं. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांना शेजारच्या इमारतीत छोटं भाषण द्यायला पाठवलं. काही जणांचा विषय तर बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट हाच होता, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याची. जाताना वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवलेला होता. "तुम्हाला उशीर झालाय, पळा" असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले १० टक्के थांबले. ज्यांना घाई नव्हती, त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. मनात कोणती गोष्ट घोळत होती याने फारसा फरक पडला नाही.

आता अंत्यविधीचं घर आठवा. तिरडी बांधून झालेली असते, पुरुष घाई करत असतात, रडारड चालू असते, आणि बांगड्या फोडायला पुढे होणाऱ्या बाईला विचार करायला दोन मिनिटंही नसतात. अशा वेळी हात सवयीने चालतो. म्हणून मरणघरात कुणाला सुधारायला जाऊ नका. तिथे फक्त आधी ठरलेलं पाळता येतं.

आता "आधी ठरवणं" म्हणजे काय, ते चीनमध्ये फार स्पष्ट दिसतं. मुलींचे पाय लहानपणी बांधून मोडून टाकायची रीत तिथे शेकडो वर्षं होती. पाय बांधला नाही तर मुलीचं लग्न होणार नाही ही भीती, म्हणून नको असूनही प्रत्येक आई बांधायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे पायबांधणीविरोधी संघ निघाले. त्यांच्या शपथेला दोन बाजू होत्या: मी माझ्या मुलीचे पाय बांधणार नाही, आणि माझ्या मुलाला पाय बांधलेली सून करणार नाही. गेरी मॅकी या अभ्यासकाने १९९६ मध्ये दाखवून दिलं की खरी चावी या दुसऱ्या अर्ध्यात होती. पाय न बांधलेल्या मुलीला वर कुठून मिळणार, याचं उत्तर शपथेतच होतं. जिथे हे जमलं तिथे शतकांची रीत एका पिढीत उठली. आपल्याकडचे विधवा प्रथेविरुद्धचे ठराव बहुतेक वेळा पहिलंच अर्धं बोलतात, "कुंकू पुसणार नाही." हळदीला बोलावू, ओवाळायला लावू, समोर आली तर अपशकुन मानणार नाही, हे दुसरं अर्धं मोकळं सोडलं तर ती बाई कुंकू लावून एकटी उभी राहते. ते जास्त जड जातं.

कायद्याचं विचाराल, तर तो हवाच, पण एकटा पुरत नाही. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी, एका विधवेशी लग्न केलं, तेव्हाही त्यांच्या गावाने, मुरुडने, त्यांच्यावर बहिष्कार घातला. याच काळात, १८९० मध्ये, मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी ठरवलं, की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. मला हे पाऊल फार मोलाचं वाटतं. ज्यांच्या हातून ती रीत घडत होती, ते हातच एकत्र येऊन थांबले. तुमच्या भाऊबंदकीत ते हात कुणाचे आहेत? दोन-तीन वडीलधाऱ्या बायकांचेच असतील. प्रत्येक गावात अशा ठरलेल्या असतात. साऱ्या तालुक्याला पटवण्यापेक्षा या तिघींशी आधी बोला.

अमळनेरात राहून साने गुरुजींचा विषय टाळता येत नाही, आणि मला टाळायचाही नाही. ते इथल्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकले आणि इथल्याच शाळेत शिक्षक झाले. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी मे १९४७ मध्ये केलेलं उपोषण सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर हिंडत होते आणि गावोगाव मंदिरं, विहिरी खुल्या करा म्हणून सांगत होते, हे लोक विसरतात. माझ्या दृष्टीने तो दौरा उपोषणाइतकाच महत्त्वाचा. शेजारच्या गावाने विहीर खुली केली ही बातमी आपल्या गावात येऊन पोचली, की "बाकीच्यांना चालणार नाही" हा अंदाज डळमळतो.

अलीकडचं बघायचं तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. चांगलं झालं. पण वरून पत्र आलं म्हणून पाच जणांनी सह्या केलेला ठराव आणि भरलेल्या ग्रामसभेत, बायकांसमोर, हात वर करून झालेला ठराव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाने प्रत्येकाचा हात पाहिलेला असतो.

आतापर्यंतचं थोडक्यात: लोकांचं मत बहुधा तुमच्याच बाजूचं आहे, एकमेकांबद्दलचा अंदाज चुकलेला आहे, तो उघड्यावर आणायला लागतो, आणि तेही प्रसंगाच्या आधी, दोन्ही बाजूंनी शब्द घेऊन.

पण हे कुठे लागू पडत नाही, तेही सांगते, कारण सगळं परिस्थितीवर आहे.

काही माणसांना खरंच वाटतं की विधवा समोर आली की कार्याला बाधा येते. त्यांना आकडे दाखवून काही होत नाही. वाद घातला तर ती नवी कारणं शोधतात, कारण आधी मनात धसका बसलेला असतो आणि कारणं मागाहून येतात. अशांशी मी वाद घालत नाही. डोळ्यांसमोर एखादं लग्न तसं पार पडलं, पोरं सुखाने नांदली, तर धसका हळूहळू ओसरतो. वेळ लागतो. तुमच्या घरात असं एखादंच माणूस असेल तर त्याच्यासाठी लग्न अडवू नका, आणि त्याचा अपमानही करू नका.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि ही मला जास्त टोचते. कधी कधी कुंकवाच्या मागे सातबारा असतो. पांढऱ्या कपाळाची, मागे बसणारी, खाली मान घालून राहणारी बाई हिस्सा मागत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही पहिल्या वर्गातली वारस आहे, नवऱ्याच्या हिश्श्यात तिचा मुलांइतकाच वाटा आहे. तरी वारस नोंदीच्या वेळी "तुला काय करायचंय, पोरं आहेतच की" म्हणून तिच्याकडून हक्कसोड करून घेतलेली मी पाहिली आहे. जिथे कुणाचा फायदा गुंतलेला असतो, तिथे गैरसमज दूर करून भागत नाही. तिथे तलाठी कार्यालय गाठावं लागतं. म्हणून स्पष्टच विचारते, मास्तर: वडिलांच्या फेरफारात आईचं नाव लागलं का? नसेल तर हळदीच्या आधी ते करा. मुलगा म्हणून ही गोष्ट तुमच्या हातात आहे, आणि इथे "लोक काय म्हणतील" ही सबब तुम्हालाही लागू नाही.

तिसरं म्हणजे आई स्वतः. तुमच्या सगळ्या पत्रात आईला काय हवं आहे ते कुठेच आलेलं नाही. मी पाहिलेल्या काही बायकांना कुंकू परत लावायचं होतं. काहींना नको होतं. एक म्हणाली, "त्यांच्यासाठी लावायचे, आता मला नको, पण नातवाला ओवाळायचंय." म्हणजे तिला कपाळाचं काही नव्हतं, मान हवा होता. आधी जबरदस्तीने पुसलं आणि आता सुधारणा म्हणून जबरदस्तीने लावलं, तर दोन्ही वेळा तिला विचारायचं राहूनच गेलं. आणि एकदा विचारून सोडू नका. पहिल्यांदा ती "राहू दे बाबा, तुझ्या बहिणीचं नीट होऊ दे" असंच म्हणणार, कारण अंदाज तिचाही तोच आहे.

त्या दाण्यांच्या गावात पुढे काय झालं, ते सांगायला हवं. चार-पाच महिन्यांनी गटातल्याच एकीचा नवरा गेला. गटातल्या सहा-सात जणी तिच्याभोवती बसून राहिल्या. रीत करणाऱ्या म्हाताऱ्या बाई आल्या, त्यांनी तिचा हात धरला, इकडेतिकडे पाहिलं आणि सोडून दिला. बांगड्या राहिल्या. पण गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक संपायच्या दिवशी माहेरहून आलेल्या मंडळींनी कुंकू पुसायला लावलंच, कारण माहेरच्या गावात कुणी दाणे मोजले नव्हते. यातून मी एवढं शिकले की दोन्हीकडच्या माणसांना आधी सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. सोयरीक दोन गावांत असते, तशी रीतही दोन गावांत असते.

म्हणून तुमच्या घरातल्या लग्नासाठी माझ्या मनात आहे ते असं. आईशी बोलून तिला काय हवं ते ठरू द्या. मग तुमच्या त्या काकूंकडे जा. त्यांनी बांगड्या फोडल्या आणि त्यांनीच हे बंद व्हावं म्हटलं, म्हणजे त्यांच्या मनावर ते ओझं आहे. "काकू, पहिली हळद आईने लावावी असं मला वाटतं. तुम्ही तिच्या शेजारी उभ्या राहाल का?" एवढंच विचारा. काकू हो म्हणाल्या तर त्यांनाच सोबत घेऊन फुईकडे, म्हणजे आत्याकडे, आणि मोठ्या मायकडे, म्हणजे थोरल्या काकूंकडे जा. एकेकीकडून "मला चालेल" हे ऐकलं की पुढच्या घरी ते नावानिशी सांगा, त्यांची परवानगी घेऊन. चार-पाच घरं झाली की बाकीच्यांचा अंदाज आपोआप फिरायला लागतो. मग व्याह्यांकडे जा. तिथे एकटे जाऊ नका, काकूंना न्या. मुलाकडच्या आईशी काकूंनी बोललेलं तुमच्या बोलण्यापेक्षा दहापट उपयोगी पडेल. जावयाच्या आधी कानावर घाला, त्याची साथ मिळाली तर अर्धं काम झालं.

हे सगळं पत्रिका छापायला जायच्या आधी व्हायला हवं. आपल्याकडे पत्रिकेत विधवेच्या नावाआधी "गं. भा." लावतात, नाहीतर नावच गाळतात. तुम्ही निमंत्रकांत पहिलं नाव आईचं घाला, आधी काही न लावता, नुसतं नाव. प्रेसवाला फोन करून विचारेल, "सर, गं. भा. राहिलंय का?" त्याला सांगा, राहिलेलं नाही. ती पत्रिका तीनशे घरांत जाईल, तीनशे घरांत वाचली जाईल, आणि हळदीच्या दिवशी मांडवात येताना प्रत्येकाला ठाऊक असेल की बाकीच्यांनीही ती वाचली आहे.